नलूताईच्या गाडीचं तेलपाणी

गाडीखालून बाहेर आलेले कुणाचेही पाय दिसले की माझ्या छातीत अजून धस्स होतं. रस्त्याकडेला एखादा टेम्पो बंद पडलेला असतो, ड्रायव्हर खाली शिरून खटपट करत असतो, आणि मी रिक्षातून जाता जाता ओरडते, "अहो, बाहेर या हो आधी!" रिक्षावाले हसतात. हसू देत मेले. त्यांनी आमच्या नलूताईला बघितलेलं नाही.

नलूताई म्हणजे माझी शेजारीण. मिरजोळ्यात आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढा जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत आहे. ह्या बाजूला मी, मशीनवर लोकांचे ब्लाउज शिवत बसलेली, आणि त्या बाजूला ती. उभा जन्म तिचा सरकारी नर्स म्हणून गेला. अर्ध्या तालुक्याला पाठीवरची पहिली चापट हिनेच मारलेली असणार. निवृत्त झाली, पण आवाज ड्युटीवरचाच राहिला. माझ्याकडे माप द्यायला बाई आली की गडग्यावरून विचारणार, "काय गो, चेहरा का उतरलाय? जीभ दाखव बघू." आणि त्या बायका जीभ दाखवायच्याही! माझं गिऱ्हाईक, तिथे उभं राहून हिला जीभ दाखवतंय. मी चिडायचे. तिला त्याचं काही नव्हतं.

तिचे दोन 'बरं' होते. एक लांबवलेला, 'बऽरं', म्हणजे ऐकलं, बघते. दुसरा आखूड, सुरीने कापल्यासारखा. तो आला की समजायचं, तुम्ही म्हणताय तसं ह्या जन्मात होणार नाही.

अण्णा, तिचे यजमान, अचानक गेले. मागे त्यांची छोटी करडी गाडी राहिली. अण्णांनी त्या गाडीला कधी कुणाला हात लावू दिला नव्हता, हिलासुद्धा नाही. वर्षभर ती खळ्यात, पुढच्या अंगणात, कापडाखाली पडून होती, वर आंब्याच्या वाळक्या पानांचा पातेरा साचत होता. मुलगा सुजित मुंबईला नोकरीला. तो म्हणाला, "आई, विकून टाकू." नलूताई म्हणाली, "बरं." आखूड. आणि दुसऱ्या आठवड्यात ड्रायव्हिंगच्या क्लासला जायला लागली, साठी उलटलेली बाई!

क्लासचा मास्तर तिला घेऊन आमच्या चढावर आला तेव्हा मी गडग्यापाशी उभी होते. गाडी मध्येच बंद पडली आणि मागे सरकायला लागली. मास्तर ओरडतोय, "मॅडम, ब्रेक! ब्रेक!" हिने ब्रेक दाबला, गाडी थांबवली, शांतपणे पर्समधून रुमाल काढला आणि मास्तरला दिला. "आधी घाम पुसा. पेशंटपेक्षा डॉक्टर घाबरला की माझा हात चालत नाही." तो मास्तर नंतर मला बाजारात भेटला की हात जोडायचा.

मग काय, सुटलीच ती. सकाळी मिरकरवाड्याला जाऊन मासे आणणार, ते मागच्या डिकीत ठेवणार, बर्फाचं पाणी गळून गाडीभर बांगड्याचा वास, मग गाडीचे चारी दरवाजे उघडून आत ऊद फिरवणार. आमचे हे म्हणायचे, "बाळंतिणीला धुरी देतात तशी देतेय गाडीला." माझ्या पुतणीला कळा सुरू झाल्या तेव्हा रिक्षा मिळेना. नलूताईने गाडी काढली. मागे पुतणी किंचाळतेय, मी रामरक्षा म्हणतेय, आणि ही आरशातून बघत पुतणीला दम देतेय, "श्वास घे. तोंडाने नको, नाकाने. मंगल, तू गप्प बस, तुझ्यामुळे मला हॉर्न ऐकू येत नाहीत." वेळेवर पोचवलंन. त्यानंतर आळीत तिच्या गाडीला सगळे 'आपली गाडी' म्हणायला लागले.

रविवारी पूजा झाली की ती बॉनेट उघडायची. तेल मोजायची पट्टी ओढायची, जुन्या सुती साडीच्या तुकड्याला पुसायची, पुन्हा आत घालून काढायची आणि उजेडाकडे धरून बघायची, थर्मामीटर बघावा तशी. मग बोटाला तेल लावून वास घ्यायची. "तुला काय कळतं गो त्यातलं?" मी विचारलं होतं एकदा. म्हणाली, "वास घेतला की आपल्याला बरं वाटतं. इंजिनाला वाटत असेल, नसेल."

सगळी भानगड ह्या तेलापासून झाली.

इथल्या औद्योगिक वसाहतीकडे गॅरेजं खंडीभर आहेत. त्यातल्या एकाकडे तिने तेल बदलायला गाडी दिली. त्या माणसाने तेल सोडायचा तळाचा बोल्ट नीट आवळलाच नाही. तेल ठिबकत राहिलं, आणि मांडवीला समुद्राच्या कडेला गाडीतला लाल दिवा लागला. हिने त्याच क्षणी इंजिन बंद केलं म्हणून वाचलं, नाहीतर सगळं जाम झालं असतं. गाडी दोरीने ओढून आणावी लागली, दुसऱ्या मेकॅनिकला बोलावून बोल्ट आवळून घ्यावा लागला. कुणीतरी सुजितला कळवलं. आपल्याकडे असले परोपकारी लोक चिकार.

सुजित त्या रात्री फोनवर जे बोलला ते मी ऐकलं, कारण नलूताई फोन नेहमी स्पीकरवर ठेवते. "आई, तू वाटेत कुठे अडकलीस, काही झालं, तर मला इथे कळणारसुद्धा नाही. आणखी एकदा असं काही झालं ना, तर मी येणार, गाडी विकणार आणि तुला इकडे घेऊन येणार. मग रडायचं नाही."

"बरं," नलूताई म्हणाली.

फोन ठेवला, पण चेहरा उतरला होता. मला म्हणाली, "मंगल, गाडी गेली की मी पण गेले समज. त्याच्या गॅलरीत उभी राहून कपडे वाळत घालायचे आणि लिफ्टचा आवाज ऐकायचा. पोरगा वाईट नाही गो. पण तिथे मी कुणाची कोण?"

मी चहा टाकला.

पुढच्या खेपेचं तेल बदलायची वेळ आली तशी ती बेचैन झाली. जन्मात जिने कशाचा घोळ घातला नाही, अशी बाई. अर्ध्या रात्री अंगणात बाळंतपण करायचा निर्णय घेणारी. आणि इथे तेलाचा डबा आणून पडवीत ठेवलान, शेजारी फिल्टर, नवा पाना, आणि रोज सकाळी त्याच्याभोवती फेऱ्या. गडग्यावरून हाक यायची, "आज करू का गो?"

"काय करू?"

"तेल. मीच बदलते."

"शुद्धीवर आहेस का? दुसऱ्या गॅरेजवाल्याला दे. सगळेच काय तसले नसतात."

"त्याने बोल्ट आवळला की नाही हे मला कसं कळणार? खाली शिरून बघायला हवं. खाली शिरायचंच, तर मग मीच का नको आवळू?"

मी म्हटलं, "आणि तुझ्याकडून चुकलं तर?"

"तेच तर," ती म्हणायची. "चुकलं तर इंजिन जाईल. इंजिन गेलं की सुजित येईल." आणि घरात जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रात्री तिच्या मोबाइलवर तेल बदलायचे व्हिडिओ मोठ्या आवाजात चाललेले मला माझ्या अंथरुणात ऐकू यायचे. एक हिंदी माणूस पुन्हा पुन्हा सांगत होता, गाडी लोखंडी स्टँडवरच ठेवा, लोखंडी स्टँडवरच ठेवा.

स्टँड कुठून आणणार? चिरे मात्र होते. आपल्याकडे चिऱ्यांना काय तोटा! अंगणात बसायला चिरा, धुणं धुवायला चिरा, दार अडवायला चिरा. त्या दिवसांत आमचा गडगा एका जागी ढासळला होता म्हणून शांताराम गवंडी आला होता. नलूताईने त्यालाच विचारलं, "काय रे, गाडी राहील का चिऱ्यावर?"

शांताराम हसला. "नलूताईनू, चिऱ्यावर दुमजली घरा उभी ऱ्हातात. तुमची गाडी ती केवढी!"

खरंच होतं की. मलाही पटलं. आमच्या ह्यांनाही पटलं. अख्ख्या आळीत एकाला शंका आली नाही, कारण आम्ही सगळे चिऱ्याच्याच घरात जन्मलेले. नलूताईने ढिगातून दोन चिरे निवडले. गवंडी वाजवून बघतात तसे पान्याने वाजवून बघितले. खणखणीत आवाज आला. "ठणठणीत आहेत," म्हणाली. झालं, निर्णय झाला.

शिमग्याच्या आधीचे दिवस. सकाळची वेळ, ऊन अजून कोवळं. ती अण्णांचा जुना शर्ट साडीवर चढवून आली. इंजिन जरा चालू करून तेल कोमट केलं, बंद केलं, हँडब्रेक ओढला. जॅकने पुढची एक बाजू उचलली, दोन चिरे एकावर एक ठेवून दरवाजाखालच्या पत्र्याच्या कडेखाली सरकवले आणि जॅक हळूहळू सैल केला. गाडी चिऱ्यांवर बसली. नलूताई माझ्याकडे बघून हसली. मी हसले नाही.

ती जॅक काढायला वाकली, तशी मी ओरडले, "तो तिथेच राहू दे!"

"अगो, त्याच्यावर आता भारच नाही."

"असू दे. काढलास तर मी हिथून जाते."

"बरं बाई. तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून." आणि तो ठेवून ती चटईवर उताणी पडून आत सरकली. कमरेपर्यंत आत, पाय बाहेर. घमेलं मी पायाने आत ढकललं.

पाना बोल्टवर बसल्याचा आवाज आला. मग तिचं कण्हणं. मग काहीच नाही.

"काय झालं?"

"हलत नाय गो. त्या दुसऱ्या मेकॅनिकने राक्षसासारखा आवळलाय. आधीच्याने सैल ठेवला, ह्याने वेल्डिंग केल्यासारखा."

"ये मग बाहेर. नको ते."

"थांब."

तिने जोर केला. गाडी हलली. थोडीच, पण हलली. मी म्हटलं, "नलूताई, हलतेय गो." ती म्हणाली, "बोल्ट?" मी म्हटलं, "गाडी!" ती म्हणाली, "गाडीला काय होतंय, चिऱ्यावर आहे." आणि पुन्हा जोर केला.

मी चिऱ्याकडे बघत होते. वरच्या चिऱ्यातून लाल भुकटी सांडायला लागली. अगदी बारीक, हळदीकुंकवाच्या करंड्यातून सांडावी तशी. मला कळेना हे काय. आणि मग कळलं. घराचा भार चिऱ्याच्या सगळ्या अंगावर पसरलेला असतो. इथे पत्र्याची ती पातळ कड सुरीसारखी त्याच्यात शिरत होती. आम्हा शहाण्यांपैकी कुणाच्या डोक्यात हे आलं नव्हतं.

"बाहेर ये!" मी किंचाळले. "नलूताई, चिरा फुटतोय, बाहेर ये!"

तिने डावा गुडघा उभा केला. टाच चटईवर रोवली आणि ढकललं. चटई सरकली. उजवा पाय तसाच पडून होता, सरळ, झोपलेल्या माणसासारखा. मी ओरडतेय, "पाय हलव, दोन्ही पाय हलव!" आणि तो पाय जागचा हलेना. मी दोन्ही घोटे धरले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओढलं. तिचं डोकं पत्र्याला घासून बाहेर आलं, आणि खाट्कन चिरा दुभंगला. गाडी खाली आली. जॅकवर अडकली, जॅक तिरका झाला, करकरला, आणि राहिला.

मी चिरगुटासारखी मातीत बसले. मग तोंड सुटलं माझं. "जल्लं मेलं ते तेल आणि जल्ली ती गाडी! मेली असतीस इथे माझ्या डोळ्यांदेखत! कोणाला काय सांगणार होते मी?" रडतेय आणि शिव्या घालतेय. ती गडग्याला टेकून बसलेली. केसांत लाल माती, कपाळावर खरचटलेलं. माझ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती आपल्या उजव्या पायाकडे बघत होती.

"मंगल, टाचणी दे."

टाचण्या माझ्या पदराला टोचलेल्या असतातच. मी एक काढली.

"मी डोळे मिटते. तू तळपायाला टोच. कधी टोचलीस ते मी सांगते."

"कशाला असले खेळ आता?"

"टोच म्हणते ना."

तिने डोळे मिटले. मी डाव्या पायाला टोचलं. "हाय," ती म्हणाली. "आता उजव्या." मी उजव्या तळव्याला टोचलं. ती गप्प. जरा दाबून टोचलं, रक्ताचा थेंब आला. मला हात मागे घेववेना.

"टोच ना गो," ती म्हणाली.

तिने डोळे उघडले, तळव्यावरचा तो थेंब बघितला आणि माझ्या हातातली टाचणी बघितली.

"घाबरल्यामुळे झालं असेल," मी म्हटलं. "मुंग्या आल्या असतील."

"घाबरलेली माणसं मी शेकड्याने बघितली आहेत. हे ते नाही." मग म्हणाली, "गेले दोन महिने ह्या पायातली चप्पल निसटतेय. मी चप्पल बदलली. पुन्हा निसटायला लागली. मी दुकानदाराला शिव्या घातल्या, मंगल. नर्स ना मी!"

मी तिला सांगितलं, ऐक माझं, डॉक्टरला दाखवू, औषधाने बरं होईल, सुजितला एवढ्यात काही कळवू नको. चिरा फुटला हे कुणाला सांगायची गरज नाही. आळीत मी कुणाला बोलणार नाही. ती ऐकत होती. मला वाटलं, आता लांबवलेला 'बऽरं' येईल.

"काल शाळा सुटायच्या वेळी मी बाजारातून येत होते," ती म्हणाली. "सगळा रस्ता पोरांनी भरलेला. ब्रेक मी ह्याच पायाने दाबत होते. दाबला जातोय की नाही हे मला कळत नव्हतं, आणि कळत नाहीये हेही कळत नव्हतं." तिने फोन मागितला.

स्पीकरवर ठेवला, नेहमीसारखा. "सुजित, ये. गाडी विकायची."

एवढी वर्षं भांडत होता, आता आवाज उतरला. "काय झालं आई?"

सगळं सांगितलं तिने. चिरा, जॅक, पाय, टाचणी. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही, वॉर्डातल्या दुसऱ्या नर्सला ड्युटी सोपवावी तसं. सुजितचा रडका आवाज आला, "आई, मी रागाने बोललो होतो गं तेव्हा." ती म्हणाली, "तुझ्यामुळे नाही विकत. रडू नको. जेवलास का?"

तो शनिवारी आला. आल्या आल्या फुटलेला चिरा हातात घेऊन बघितलान आणि पायरीवर बसून राहिला. डॉक्टरांनी कमरेतली नस दबली आहे म्हणून सांगितलं, ऑपरेशन लागेल, पाय किती परत येईल ते सांगता येत नाही. चिपळूणच्या एकाने गाडी घ्यायचं ठरवलं. सुजित म्हणाला, "उद्या गॅरेजमध्ये दाखवून तशीच देतो नेऊन."

"तेल बदलून द्यायची," नलूताई म्हणाली.

"आई, गाडी विकतोय आपण. तेल तो बघेल ना!"

"काळं तेल पोटात घालून मी ती दुसऱ्याच्या दारी धाडणार नाही. तुला जमत नसेल तर सांग. मी पुन्हा खाली जाते."

बिचारा मित्राकडून लोखंडी स्टँड घेऊन आला. ती खुर्ची टाकून बसली. तो खाली शिरला तेव्हा तिने खुर्चीचे हात एवढे घट्ट धरले की बोटं पांढरी पडली. आवाज मात्र शांत. "स्टँड हलवून बघितलास? पुन्हा बघ. आता शीर आत." बोल्ट सुटला, तेल काळं, डांबरासारखं घमेल्यात पडलं. तिने बोल्ट मागून घेतला, साडीच्या तुकड्याने पुसला, परत दिला. "आवळ. अजून. अजून जरा. बस, आटे जातील." तो बाहेर येऊन उभा राहीपर्यंत तिने खुर्चीचे हात सोडले नाहीत. शेवटी तेलाची पट्टी त्याने तिच्या हातात आणून दिली. नवं तेल, मधासारखं. तिने वास घेतला नाही. "ठीक आहे," म्हणाली आणि पट्टी परत दिली.

पुढे ती मुंबईला गेली. ऑपरेशन झालं, काठी घेऊन चालते, फोनवर मला जीभ दाखवायला सांगते. पण तिचं नाव काढलं की मला ती सकाळ आठवते, सुजित गाडी घेऊन चिपळूणला निघाला तेव्हाची.

आम्ही दोघी गडग्यापाशी उभ्या होतो. त्याने हॉर्न वाजवला, तिने हात केला. गाडी उतारावरून खाली निघाली. सुजित जरा जोरातच चालवतो, आणि खाली ते आंधळं वळण आहे. माझी नजर का कोण जाणे तिच्या पायाकडे गेली. गाडी वळणाशी आली आणि नलूताईने ब्रेक दाबला. म्हणजे दाबायला गेली. अंग पुढे झुकलं, गुडघा ताठ झाला, पण उजवं पाऊल मातीवर तसंच राहिलं. खाली गाडीचे मागचे दोन्ही दिवे लाल झाले.

"लागला गो," ती म्हणाली. "लागला ब्रेक."